अर्ध्या जिन्यातलं गाणं

मास्तरांचे नियम दोनच होते, पण ते त्यांनी इतक्या मुलाखतींतून सांगितले होते की आता त्यांतून त्यांची स्वतःचीच सुटका नव्हती. पहिला नियम, कार्यक्रमाआधी तालीम करायची नाही. तालमीने जॅझ शिळं होतं, असं ते म्हणत. तालमीची वेळ नेमकी त्यांच्या दुपारच्या झोपेवर यायची, हे ते म्हणत नसत. दुसरा नियम, गायक चुटकी वाजवेल ती लय. "पियानोवर बसलो की मी चुटकीचा गुलाम," असं सांगताना ते खुर्चीत असे काही रेलत, की गुलामांची सोय हल्ली बरीच सुधारली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

ही गुलामी सोपी होती, कारण सगळे गायक एकसारखीच चुटकी वाजवत. मास्तरांचं नाव झालं होतं ते 'उशीर' या एका गाण्यावर, आणि 'उशीर' कुठल्या लयीत म्हणायचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धावत म्हणायचं, धापा टाकत.

दार लावू नका, दिवा मालवू नका,
उशीर झालाय खरा, पण जिन्यातच आहे मी.

या ओळीनंतर मास्तरांचा उजवा हात पियानोवर खालून वर पायऱ्या चढत सुटायचा, थेट टोकाच्या सुरापर्यंत, आणि अख्खा हॉल बसल्या जागी पाय आपटत त्यांच्याबरोबर जिना चढायचा. वर पोचलं की सगळ्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक करायची, म्हणजे दार वाजलं. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याचं मात्र बरं चाललं होतं. गजराच्या घड्याळाच्या जाहिरातीत हे गाणं वाजलं, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या जाहिरातीत वाजलं, आणि पोट साफ करणाऱ्या एका गोळीने ते घेतलं तेव्हा तर त्यातल्या शब्दांना जो अर्थ आला, तो खुद्द मास्तरांनाही सुचला नव्हता.

सगळं गाव पाय आपटत असताना एक बाई मात्र हॉलबाहेर उभी असायची. ती म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, अक्का.

अक्का प्रत्येक कार्यक्रमाला यायची. पहिली रांग, कडेची खुर्ची. बाकीची सगळी गाणी ती मांडीवर पर्स ठेवून नीट ऐकायची, आणि 'उशीर'ची घोषणा झाली की उठायची. बाहेर जाऊन कॉफी घ्यायची, टाळ्या विरल्या की परत येऊन बसायची. लोक समजायचे, वय झालंय, धरवत नसेल. आयोजकही समजूतदार. खुर्ची देताना तो अदबीने सांगायचा, "अक्का, इथून स्वच्छतागृह जवळ आहे हं." अक्का आभार मानायची.

खरं कारण तिला आणि मास्तरांना माहीत होतं, आणि त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळजीचा मुलगा जन्मभर सगळीकडे उशिरा पोचतो, यावर घरात सगळे विनोद करून झाले होते. मग वडील इस्पितळात पडले. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, नुसते धाकटे होते, आणि एका हॉटेलात जेवणाऱ्यांना पियानो ऐकवत होते. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. त्या संध्याकाळी तिने इस्पितळातून हॉटेलात फोन लावला, लवकर ये म्हणून. मॅनेजर म्हणाला, निघाला सायकलवरून. हॉटेल दोन गल्ल्या पलीकडे. अक्का वाट बघत राहिली. सगळं आटोपलं, तिने खोलीचं दार लावून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने धाकटा आला.

"कुठे होतास?" अक्काने विचारलं.

"उशीर झाला," तो म्हणाला. त्यापुढे एक अक्षर नाही.

काही महिन्यांनी त्याच नावाचं गाणं रेडिओवर आलं. अक्काने ते पहिल्यांदा एक्स्चेंजमध्ये ऐकलं. कानाला हेडफोन लावलेल्या सगळ्या मुली टेबलाखाली पाय आपटत होत्या. ती घरी आली आणि म्हणाली, "बाबांचं हे असं केलंस होय रे, धाकट्या?"

भांडण म्हणून काय ते एवढंच. पुढे तिने त्याचे स्वेटर विणले, त्याची दुखणी काढली, त्याच्या लग्नात आणि घटस्फोटात सारख्याच धीराने उभी राहिली. फक्त त्या गाण्याला ती उठायची. मास्तरांना मानचिन्हं इतकी मिळाली की त्यांची पुस्तकं पडू नयेत म्हणून ती दोन्ही बाजूंनी लावलेली असत. पण अक्काने एकदा, एकदाच, त्या गाण्याला बसून राहावं, एवढं त्यांना हवं होतं. हे ते कुठल्याही मुलाखतीत बोलले नव्हते.

आणि आज दुपारी अक्काने फोनवर सांगितलं होतं, "आजचा शेवटचा बरं का रे. गुडघे पार गेलेत. यापुढे मी घरीच रेडिओ लावेन."

त्या गाण्याला ती रेडिओ बंद करणार, हे वेगळं सांगायला नको होतं.

*

आजचा कार्यक्रम म्हणजे आयोजकाच्या डोक्यातली 'नव्या-जुन्याची जोडी' होती. नवी म्हणजे चिमणी. ती दिवसा चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकायची आणि दुकानदाराने तिच्या चणीवरून ठेवलेलं तेच नाव पोस्टरवरही गेलं होतं. शेजारी मास्तरांचा फोटो होता, तो इतका जुना की दोघांत नवं कोण, असा प्रश्न पडावा. चणीने चिमणी खरी, पण तोंड उघडलं की रिकाम्या पिंपात कुणी बोलतंय असा भरघोस आवाज.

मास्तर तिला पहिल्यांदा भेटले ते वरच्या मजल्यावरच्या ग्रीनरूममध्ये, पडदा उघडायच्या जरासं आधी.

"मास्तर, बाकी गाण्यांच्या पट्ट्या आयोजकांनी सांगितल्याच असतील," ती म्हणाली. "'उशीर' मी रेकॉर्डच्याच पट्टीत गाते." आणि तिने कोपऱ्यातल्या जुन्या पियानोवर एक सूर दाबून दाखवला.

मास्तरांनी तो सूर ऐकला आणि तिच्याकडे पाहिलं. "हा रेकॉर्डचा सूर नाही बाळ. रेकॉर्ड याच्या केवढी तरी वर आहे."

"नाही हो, मी लहानपणापासून तीच ऐकलीये," चिमणी नम्रपणे पण ठामपणे म्हणाली. ग्राहकाला चष्मा शोभत नाही हे सांगायची तिला सवय होती. "त्या काकांचा आवाज काय भारी लागलाय त्यात."

"कुठले काका?"

एवढ्यात आयोजकाने दारातून डोकं घातलं. "चला, चला. हॉल गच्च भरलाय."

जिना उतरताना मास्तर विचार करत होते. मूळ गाणं एका अतिशय बारीक आवाजाच्या बाईंनी गायलं होतं. त्यांना बरंच काय काय म्हटलं गेलं होतं, पण काका आजवर कुणी म्हटलं नव्हतं. जाऊ दे, खालची पट्टी तर खालची, असं म्हणून त्यांनी विषय सोडला. तालीम न करणाऱ्या माणसाला बरेच विषय असे सोडावे लागतात.

पहिला भाग बघताबघता रंगला. चिमणीने मास्तरांची जुनी गाणी अशी काही म्हटली की बेस वाजवणारा, जो एरवी उभ्या उभ्या डुलकी काढायचा, त्याने दोनदा डोळे उघडले. मास्तरांची बोटं मोकळी फिरत होती. पहिल्या रांगेत अक्का पर्सवर हात ठेवून ताल धरत होती. मध्येच मास्तरांच्या मनात येऊन गेलं, आज बसेल. एवढं चांगलं चाललंय, आज ती विसरेल उठायला.

"आणि आता," आयोजक माईकवर म्हणाला, "ज्याची आपण सगळे वाट बघतोय..."

हॉलभर बूट सावरल्याचा आवाज झाला. अक्काने पर्स घेतली, काठी टेकली आणि उठली.

मास्तरांनी मान खाली घालून हात पियानोवर ठेवले. वर्षानुवर्षं ते याच वेळी मान खाली घालत, म्हणजे ती जाताना दिसत नसे.

चिमणीने चुटकी वाजवली.

मग काहीच झालं नाही.

मास्तरांना वाटलं, पोरगी घाबरली. तिची बोटं घामाने निसटली असतील. त्यांनी मान वर करून धीर द्यायला ओठ हलवले, तेवढ्यात दुसरी चुटकी वाजली. पहिलीनंतर इतक्या वेळाने, की मधल्या वेळात एखाद्याने कोट काढून त्याची घडी घातली असती.

तिसरी चुटकी. आता शंकेला जागा उरली नाही. मुलगी शुद्धीवर होती, बोटं कोरडी होती, आणि तिला हेच हवं होतं.

ड्रम वाजवणाऱ्याने काठ्या उचलल्या होत्या. त्या तशाच हवेत ठेवून त्याने मास्तरांकडे पाहिलं. बेसवाला पूर्ण जागा झाला, जे त्या हॉलच्या इतिहासात घडलं नव्हतं. मास्तरांनी नुसती भुवई उडवली असती तर दोघं नेहमीच्या लयीत सुटले असते आणि चिमणीला फरफटत यावं लागलं असतं. पण मुलाखती आडव्या आल्या. इतकी वर्षं जगाला सांगितलेला नियम आज पहिल्यांदाच पाळायची वेळ आली होती. मास्तरांना घाम फुटला. त्यांनी तिच्या चुटकीवर पहिला सूर दाबला, आणि ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवून मुकाट्याने मऊ वाजणारे ब्रश घेतले.

चिमणी गाऊ लागली.

दार लावू नका.

तेच शब्द. पण धावताना ते कुणाला नीट ऐकूच आले नव्हते. आता एकेक शब्द हॉलमध्ये येऊन उभा राहत होता आणि लोकांकडे बघत होता. दिवा मालवू नका. पहिल्या ओळीला जे हसू लोकांच्या चेहऱ्यावर तयार होऊन बसलं होतं, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. कुणीतरी ते रुमालात पुसलं. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सवयीने पाय उचलला होता. तो आपटायची जागाच येईना. बराच वेळ अधांतरी धरून शेवटी त्यांनी तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा अलगद जमिनीवर ठेवला.

मास्तरांना धक्का बसला तो यातल्या कशाचाच नाही. त्यांना धक्का बसला कारण ही लय त्यांच्या ओळखीची होती.

त्यांनी हे गाणं लिहिलं होतं ते याच लयीत. वडील गेल्यानंतर, कुणाला न सांगता. रेकॉर्डिंगला त्यांनी ते असंच सुरू केलं होतं, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचे हात थरथरायला लागले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं, काय झालं? "काही नाही, थट्टा करत होतो," ते म्हणाले आणि त्यांनी गाणं धावत सुरू केलं. धावताना हात थरथरत नव्हते. सगळ्यांना हायसं वाटलं. बारीक आवाजाच्या बाईंनाही आवडलं. तेव्हापासून ते जे धावत सुटलं, ते आजपर्यंत.

मग या पोरीला हे कुणी सांगितलं? ती लय खरी होती हे माहीत असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो पियानोवर बसला होता.

त्यांनी हॉलकडे पाहिलं. अक्का मधल्या वाटेने दारापर्यंत पोचली होती. एक हात काठीवर, दुसरा दारावर. पाठ रंगमंचाकडे. दार तिने ढकललं नव्हतं.

उशीर झालाय खरा, चिमणी गात होती, पण जिन्यातच आहे मी.

आता पियानोने जिना चढायचा होता. सगळा हॉल श्वास रोखून मास्तरांकडे बघत होता, की आता तरी हे सगळं ताळ्यावर येईल. ड्रमवाला आशेने ब्रश खाली ठेवून काठ्या चाचपत होता. मास्तरांनी मनात आणलं असतं तर अजूनही निभावलं असतं. एकदा बोटं सुसाट सुटली असती, हॉलने पाय आपटले असते, आणि अक्काने दार ढकललं असतं.

त्यांनी पहिली पायरी वाजवली. मग दुसरी. बोटांना ही वाट फक्त धावत माहीत होती. चालत जायचं तर खाली बघून जावं लागत होतं. एक सूर चुकलाही. तिसरी पायरी, चौथी, आणि जिना जिथे वळतो त्या सुरावर मास्तर थांबले.

पुढे गेलेच नाहीत. हात उचलून मांडीवर ठेवला.

टोकाचा सूर न ऐकता राहणं हॉलमधल्या लोकांना किती जड गेलं ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. टकटक करायला वर गेलेल्या मुठी तशाच राहिल्या. चिमणीने घाबरून मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिने थोडी वाट पाहिली, मग साथीशिवाय, एकटीने शेवटची ओळ पुन्हा म्हटली आणि गाणं संपवलं.

दारापाशी अक्का वळली होती. जवळच्या एका माणसाने उठून तिला आपली खुर्ची दिली, आणि ती बसली.

*

"माझं काय चुकलं?" वर ग्रीनरूममध्ये चिमणी विचारत होती. तिच्या त्या पिंपातल्या आवाजाचं पाणी पाणी झालं होतं. "उद्यापासून मला कुणी माईकजवळ उभं करणार नाही. तुम्ही थांबलात का मध्येच?"

"ते राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तुला ही लय कुणी शिकवली?"

"तुम्हीच की. रेकॉर्डवर."

"कुठली रेकॉर्ड?"

"आजोबांकडची. ती छोटी, मधे मोठं भोक असलेली."

मास्तर हळूहळू खुर्चीत बसले. "आणि वाजवायचीस कशावर?"

"आजोबांच्याच प्लेअरवर. त्याचं वेगाचं बटण मोडलंय, मोठ्या रेकॉर्डींच्या वेगावर अडकलेलं आहे. पण वाजतं झकास." मग तिच्या लक्षात आलं. ती दुकानात लोकांचे नंबर तपासायची, हिशेब तिला चटकन जमायचा. छोटी रेकॉर्ड भरभर फिरवायची असते, मोठी सावकाश. "म्हणजे ते काका..."

"बाई होत्या त्या."

"बाई?"

"किडकिडीत होत्या. बारीक आवाजाच्या."

"अहो, मी त्या काकांचा आवाज ऐकून गायला लागले," चिमणी म्हणाली. तिला आता खरा धक्का बसला होता. "मला सारखं वाटायचं, एकदा त्यांना भेटावं."

"रेडिओवर कधी ऐकलं नाहीस हे गाणं?"

"ऐकलं ना. मला वाटलं, गोळीवाल्यांनी पळवलंय."

मास्तर यावर काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून काठीचा आवाज आला. अक्का वर येत होती. एक पायरी, मग काठी, मग दुसरं पाऊल. आजवर ती कधी ग्रीनरूमपर्यंत आली नव्हती. खालूनच निरोप पाठवायची, जेवायला घरी ये म्हणून. मास्तर उठले आणि त्यांनी दार सताड उघडून धरलं. काठी वाजत राहिली, आणि मग थांबली.

थोडा वेळ त्यांनी दारातच वाट पाहिली. मग ते खाली उतरले.

जिन्याच्या वळणावर अक्का पायरीवर बसली होती. पर्स मांडीवर, काठी भिंतीला टेकलेली.

"दमलीस?"

"गुडघे," ती म्हणाली. मास्तर शेजारी बसले. अक्का समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. मग तिने, काल विचारल्यासारखं, विचारलं, "कुठे होतास?"

"जिन्यात."

"कुठे जिन्यात?"

"असाच. वळणावर. तिथे खिडकी होती बघ, तिच्याखाली. धावतच आलो होतो. वर तुझा आवाज ऐकला, बाबांना हाका मारत होतीस. मग पायच उचलेना."

"मी दार लावलं तेव्हा?"

"ऐकू आलं."

अक्काने वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने या प्रश्नाची सगळी उत्तरं मनात लावून बघितली होती. आणखी एक गाणं वाजवायला थांबला असेल, सायकल पंक्चर झाली असेल, कुणी मैत्रीण भेटली असेल. त्या प्रत्येकाबद्दल ती रागावून झाली होती आणि काहींबद्दल क्षमाही करून झाली होती. हे उत्तर तिच्या यादीत नव्हतं.

"म्हणजे मी वर एकटी," ती शेवटी म्हणाली, "आणि तू जिन्यात बसून होतास."

"हो."

"हाक मारायचीस."

"तोंड उघडेना."

अक्काने काठी घेतली आणि त्यांच्या बुटावर आपटली. हलकी नव्हती. मास्तरांनी पाय मागे घेतला नाही.

"मीच आले असते खाली, गाढवा," ती म्हणाली. "मला काय तिथे बरं वाटत होतं?" आणि पर्स उघडून त्यात रुमाल शोधू लागली. रुमाल वरच होता, तरी शोधत राहिली.

खालून धपाधप पावलं आली. आयोजक होता, टाय सुटलेला, जेमतेम श्वास घेत. "मास्तर, अहो लोक उठायला तयार नाहीत. म्हणतात, झालं ते छान झालं, पण आता 'उशीर' एकदा नेहमीसारखं होऊ दे. दार वाजवल्याशिवाय घरी जाववत नाही म्हणतात. काय सांगू त्यांना?"

मास्तरांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, पर्स बंद केली.

"सांगा," ती म्हणाली, "मास्तर जिन्यात आहेत."

आयोजक क्षणभर उभा राहिला, ही थट्टा आहे की काय ते बघत. मग परत धावत खाली गेला. खाली हॉलमध्ये कुणीतरी पाय आपटायला सुरुवात केली होती, नेहमीच्या लयीत, आणि बाकीचेही सामील होत होते. जिना थोडा थोडा हलत होता.

अक्का काही उठली नाही.